दहा फूट सहा इंच

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कॉलनीच्या कमानीखाली हार्वेस्टर अडकला. कुणाला इजा झाली नाही. पुढची दोन मोठी चाकं कमानीच्या बाहेर होती, मागची दोन आत होती आणि मधली धान्याची टाकी वरच्या सिमेंटच्या बीमला घट्ट टेकली होती. इंजिन दोनदा घुरघुरलं आणि बंद पडलं.

कॉलनीत दोनशे बारा घरं आहेत, एकशे त्रेचाळीस चारचाकी आहेत आणि गेट एकच आहे. सहा वीसला पहिली गाडी येऊन थांबली. साडेसहाला अकरा गाड्या होत्या. पावणेसातला मोजणं वॉचमननं सोडून दिलं.

हार्वेस्टरच्या मालकाला त्याच दिवशी दुपारपर्यंत सत्तर किलोमीटर जायचं होतं. गुरुवारी सकाळी पहिलं रान कापायला घ्यायचं ठरलं होतं. मालकाचं वय अठ्ठावन्न. कॉलनीतले लोक त्याला मशीनवाले काका म्हणतात. आडनाव विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही, पण लहान मुलांना सुद्धा त्याचं घर दाखवता येतं, कारण दोनशे बारा घरांच्या मधोमध पत्र्याची शेड असलेलं ते एकच घर आहे.

ती सगळी जमीन एके काळी त्याची होती असं म्हणणं बरोबर नाही. त्यातली सात एकर त्याची होती. त्यानं ती तीन वेळा मिळून विकली. पहिल्या तुकड्यातून हार्वेस्टर आला, दुसऱ्यातून मुलीचं शिक्षण झालं आणि तिसरा तुकडा विकला, कारण तोवर चारही बाजूंनी इमारती आल्या होत्या आणि उभ्या पिकात क्रिकेटचे चेंडू सापडायला लागले होते. शेवटचा गहू त्यानं स्वतःच्या मशीननं कापला. मशीन बांधावर आलं त्याच दुपारी रानात चुना टाकला गेला. आता तिथं सी इमारतीचं पार्किंग आहे.

घर आणि शेड एवढं त्यानं ठेवलं. जमीन गेली तरी काम राहिलं होतं. दर वर्षी उन्हं तापायला लागली की हार्वेस्टर बाहेर पडायचा. आधी खालच्या सपाट मुलखातला गहू, मग वरचा, मग त्याच्याही वरचा; पीक जसं पिकत जाईल तसं मशीन पुढं सरकायचं. चार महिने, एकोणीस गावं, बावीस वर्षं. यात कागद कुठंच नव्हता. पहिल्या रानाचं कापून झालं की तो शेतकरी दुसऱ्याला फोन करायचा, दुसरा तिसऱ्याला. मशीन ठरल्या दिवशी बांधावर दिसलं नाही, तर शेतकरी दुसरं बोलावतो, आणि ते दुसरं मग पुढच्या अठराही गावांना जातं. एकदा तुटलेली साखळी परत हाती आल्याचं या धंद्यात कुणी ऐकलेलं नाही. आणि हे एक काम सोडलं तर मशीनवाल्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून प्रश्न एवढाच होता, की गुरुवारी सकाळी हार्वेस्टर बांधावर उभा असेल का.

*

कमानीची गोष्ट त्याआधीच्या शनिवारी कळली.

मशीन चालवतो तो मशीनवाल्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शनिवारी दहाच्या सुमाराला तो ग्रीसचा डबा आणि नवे पट्टे घेऊन मोटारसायकलवरून आला. वॉचमननं त्याला अडवलं.

"कुणाकडं?"

"बहिणीकडं."

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाही. शेड."

"शेड रजिस्टरमध्ये नाही. 'इतर' लिहितो."

"लिही बाबा. बावीस वर्षं झाली येतोय, आज कळलं मी इतर आहे."

रजिस्टरवर सही करता करता त्यानं वर पाहिलं. आदल्याच दिवशी कमानीखालचे टेकू काढले होते. दोन जाड खांब, त्यांवर आडवा बीम, आणि बीमवर कॉलनीचं नाव बसवायला सोडलेली खाच. मेहुण्यानं मोटारसायकल तिथंच लावली, बीमखाली उभा राहिला आणि हात वर केला. मग तो चालत शेडपर्यंत गेला.

"दाजी, कमान झकास आहे. रुंदी तर दिलदार."

"पंधरा फूट," मशीनवाला म्हणाला. "खांब उभे राहिले तेव्हा मी स्वतः टेप लावला होता."

"वर लावला होता का?"

"वर काय लावायचं?"

हे उत्तर बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण या धंद्यात सगळी मापं रुंदीची असतात. मशीन ओळखलं जातं ते त्याच्या कटरवरून, म्हणजे समोरच्या कापणाऱ्या पात्याच्या रुंदीवरून. हे चौदा फुटी, ते बारा फुटी. रस्त्यानं जाताना पूल किती रुंद, गल्ली किती, दोन बांधांमधली वाट किती, हेच पाहिलं जातं. वर पाहायची सवय कुणाला नसते, कारण वर असते ती विजेची तार. तार बांबूनं उचलता येते. प्रत्येक मशीनबरोबर एक लांब बांबू असतो आणि बांबूवाला पुढं चालतो. वर असं काही असू शकतं जे बांबूनं उचललं जात नाही, ही गोष्ट बावीस वर्षांत एकदाही समोर आली नव्हती.

दोघं टेप घेऊन गेले. बीमच्या खालून रस्त्यापर्यंत दहा फूट सहा इंच. परत आले. मशीन, केबिनच्या छतापर्यंत, बारा फूट दोन इंच.

मेहुण्यानं टेप गुंडाळला. "आता बांबू आणू का?"

मशीनवाला हसला नाही.

*

रविवारी सकाळी दोघं सेक्रेटरींकडं गेले. सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. कमरेला स्टीलचा छोटा टेप, कानावर पेन्सिल. कॉलनीतल्या मुलांनी त्यांचं नाव मिलिमीटर ठेवलं आहे आणि ते त्यांना माहीत आहे. कमानीचा नकाशा त्यांनी स्वतः, बिनमोबदला, चार वेळा काढला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं की नाही? मशीन केवढं? तुम्ही म्हणालात, चौदा फुटी. मी पंधरा दिली. एक फूट माझ्या पदरचा."

"चौदा फुटी म्हणजे कटर हो. रस्त्यावर कटर कोण लावतं? तो सोडून ट्रॉलीवर लांबीच्या दिशेनं बांधतो आणि मागून ओढतो."

"मग रस्त्यावर मशीन रुंद किती?"

"साडेनऊ."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "म्हणजे साडेपाच फूट रुंदी फुकट गेली आणि वीस इंच उंची कमी पडली." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, मशीनवाल्यापेक्षा नकाशाचं थोडं जास्त.

"बीम काढा वरचा. मी परत बसवून देतो," मशीनवाला म्हणाला.

"कमान माझी नाही. दोनशे बारा घरांची आहे. मोडायची तर सर्वसाधारण सभा लागते. सभेला चौदा दिवसांची नोटीस."

"चौदाच?" मेहुणा म्हणाला. "दाजी, हा आकडा तुमच्या मानगुटीवरच बसलाय."

"खालून खणू," मशीनवाला म्हणाला. "दोन फूट."

"नऊ इंचांवर पाण्याची मुख्य लाइन आहे. मीच टाकून घेतली आहे."

"उंची मला का नाही विचारलीत?"

"विचारली. लेखी विचारली. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडं गेला होता. नकाशा तुमच्या घरी दिला, दोन दिवस ठेवला आणि सही होऊन परत आला." त्यांनी कागद वळवला. खालच्या कोपऱ्यात 'मान्य' असं छापलेलं होतं आणि त्यापुढं मशीनवाल्याच्या बायकोची सही होती. सहीच्या बरोबर वर, सेक्रेटरींच्या कोरीव अक्षरात, लिहिलं होतं: स्वच्छ उंची १० फूट ६ इंच.

मेहुण्यानं सही पाहिली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. ती त्याची बहीण होती.

*

सोमवारी वेल्डर आला. केबिन उतरवायची असं ठरलं होतं. केबिनचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, त्यामुळं ते गॅसनं कापावे लागले. शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. शेडच्या पायरीवर बायको वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. मशीनवाला तिच्याशेजारी येऊन बसला. रविवारपासून दोघं एकमेकांशी जेवणापुरतंच बोलत होते.

"सही तुझीच आहे ना?"

"माझीच."

"न वाचता केलीस."

"वाचून केली."

वेल्डरनं टॉर्च बंद केली, बोल्टवर हातोडा मारला, परत पेटवली.

"दहा फूट सहा इंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "आणि मशीन बारा फूट दोन इंच. तुम्हाला त्याची रुंदी पाठ आहे. उंची मला पाठ आहे. बावीस वर्षं दर वर्षी छत कोण पुसतं? शिडीच्या अकराव्या पायरीवर उभी राहिले की छत माझ्या छातीशी येतं. नवव्या पायरीवर माझा हात पुरत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला? तुम्ही मुलीकडं डोळ्याला पट्टी लावून पडला होता."

"आल्यावर."

तिनं टॉवेलाची घडी मोडली आणि परत घातली.

"मागच्या वर्षी तुम्ही टाकीवरून पडलात. मला कळलं कसं? कुणातरी माणसाचा फोन आला. म्हणाला, तुमचे मालक पडलेत, पण बरे आहेत. कुठं पडले विचारलं तर म्हणाला, रानात. कुठल्या रानात, तर म्हणाला, मी ट्रकवाला आहे, मला गाव माहीत नाही. मग त्याची बॅटरी गेली. नऊ तास, अहो. नऊ तास मी या पायरीवर बसून होते. समोरच्या इमारतीतल्या बाल्कन्या मोजल्या. अठ्ठेचाळीस आहेत. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही मला, की जरा माझ्याजवळ बसता का."

"ते एकदाच झालं."

"दर वर्षी चार महिने होतं. तुम्ही जाता. भिंती इथं आल्या तेव्हा तुम्ही दुसऱ्याचं रान कापत होता. पूर्वेची भिंत आली तेव्हा मी घरी होते. शाळेची भिंत आली तेव्हा मी घरी होते. नाल्यावर जाळी मारली तेव्हाही मीच. तुम्हाला परत आल्यावर एवढंच दिसतं की वाट आहे का. मशीन गेलं की नाही, बस. मी कुठून जायचं ते सांगा ना."

"म्हणून माझं मशीन कोंडलंस?"

"मी काही केलं नाही. कागद आला, त्यावर खरं लिहिलेलं होतं, मी सही केली."

तेवढ्यात केबिन सुटली. वेल्डर आणि मेहुणा यांनी ती दोरानं धरून खाली घेतली. जमिनीवर टेकल्यावर ती जुन्या टेलिफोन बूथसारखी दिसत होती. आत मशीनवाल्याचा एक शर्ट अजून खुंटीला होता.

मेहुणा घाम पुसत आला. दोघांच्या तोंडांकडं त्यानं पाहिलं आणि त्याला अंदाज आला. "ताई, चहा आहे का? की त्यावरही सही लागते?"

"तू गप रे," ती म्हणाली आणि उठली. चहा तिनं केला. तिघांसाठी, आणि वेल्डरसाठी.

*

मंगळवारी बाकीच्या वाटा बघून झाल्या. तशा त्या सगळ्यांना माहीत होत्या, पण माणूस बघतोच. पूर्वेला शेजारच्या कॉलनीचं तळघरातलं पार्किंग. दक्षिणेला शाळेची भिंत आणि भिंतीपलीकडं मुलींची स्वच्छतागृहं. पश्चिमेला आठ फूट खोल नाला. एक क्रेनवाला आला, कमानीबाहेर उभा राहिला, आत शेडकडं बघून म्हणाला, "एवढ्या लांबून उचलता येणार नाही. आत यावं लागेल." मग स्वतःच्या क्रेनकडं पाहिलं, मग कमानीकडं, आणि गेला.

केबिन गेल्यावर सगळ्यात उंच राहिली ती धान्याची टाकी. तिच्यावरची पत्र्याची वाढीव कड काढली तेव्हा उंची भरली दहा फूट नऊ इंच. तीन इंच राहिले. मेहुण्यानं चारही टायरमधली हवा सोडली. मशीन उसासा टाकल्यासारखं खाली बसलं. सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी स्टीलचा टेप लावला, वाकून पाहिलं, परत लावला.

"दहा फूट पाच. एक इंच शिल्लक."

"लिहून द्या," मशीनवाला म्हणाला.

सेक्रेटरींनी खरोखरच लिहून दिलं, तारीख घातली, खाली सही केली. हे त्यांनी उपरोधानं केलं नाही. मापाबद्दल कुणी लेखी मागावं यात त्यांना गैर काहीच वाटलं नाही.

ठरलं असं: बुधवारी पहाट सरताच, गाड्या बाहेर पडायच्या आत निघायचं. चालत्या माणसाच्या वेगानं कमान ओलांडायची, बाहेर हवा भरायची, केबिनशिवाय सत्तर किलोमीटर. पहिल्या रानाच्या शेतकऱ्याला फोन झाला. तो म्हणाला, "या या. गहू खळखळ वाजतोय. शुक्रवारी ढग सांगितलेत, तेवढं ध्यानात असू द्या."

*

बुधवारी मेहुणा चालवत होता. मशीनवाला मागं, टाकीकडं नजर लावून. बायको पुढं चालत होती, आणि तिच्या हातात बांबू होता. तो तिनं का घेतला हे तिलाही सांगता आलं नाही. मशीन निघालं की बांबू निघतो. सेक्रेटरी खांबाशी पेन्सिल धरून उभे होते.

टाकीचं पुढचं टोक बीमखाली शिरलं. वर एक इंच उजेड दिसत होता. "चला," सेक्रेटरी म्हणाले. "चला, चला, मस्त."

कमानीच्या बाहेर, बीमपासून चार फुटांवर, एक गतिरोधक आहे. पिवळा-काळा रंगवलेला, तीन इंच उंच. कॉलनीतला प्रत्येक माणूस त्यावरून रोज दोनदा जातो आणि शिव्या देतो. सेक्रेटरींनी उंची मोजली ती बीमच्या बरोबर खाली, नियमाप्रमाणं. मशीन मोजलं गेलं ते शेडच्या फरशीवर. मेहुण्यानं वर पाहिलं. गतिरोधक कुणी मोजला नाही.

पुढची चाकं त्यावर चढली, मशीनचं नाक उचललं गेलं, आणि टाकी बीममध्ये घुसली. पत्रा दुमडला, लोखंडी कोपरा सिमेंटात रुतला. मेहुण्यानं मागं घ्यायचा प्रयत्न केला. हवा नसलेले टायर जागेवरच फिरले आणि दुमडलेला पत्रा खाचेत अडकला. पुढं जाईना, मागं येईना. मग इंजिन बंद पडलं.

सेक्रेटरी गतिरोधकाकडं बराच वेळ बघत राहिले. "तो नकाशात नाही," ते म्हणाले. "तो नंतर टाकला."

सात वाजेपर्यंत गाड्यांची रांग बी इमारतीला वळसा घालून गेली होती. लोक हॉर्न वाजवत होते, मग उतरून येत होते, बघत होते आणि फोटो काढत होते.

"काका, गहू कमानीवर उगवला होता का?"

"अहो, माझी साडेआठची मीटिंग आहे!"

"मग चालत जा. गरिबांसाठी बाजूला छोटं दार आहे."

"एवढं मोठं मशीन कॉलनीत ठेवायला परवानगी कुणी दिली?"

या शेवटच्या प्रश्नाला वॉचमननं उत्तर दिलं. "साहेब, ते आधीपासून आहेत. कॉलनी नंतर आली." विचारणाऱ्यानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. पण रजिस्टरमधलं शनिवारचं पान उघडून वॉचमननं काहीतरी खोडलेलं मेहुण्यानं पाहिलं.

मेहुण्यानं सीटवरून खाली उतरून मशीनवाल्याला बाजूला घेतलं. "दाजी, एक झटका देऊ. ट्रॅक्टर पुढं लावू आणि एकदम ओढू. पत्रा फाटेल, फाटू दे. टाकी परत करता येईल."

"बीम?"

"बीमचं बीम बघेल."

मशीनवाला तयार होता. ट्रॅक्टरवाल्याला फोनही लावला. पण नऊ वाजता सेक्रेटरींनी बोलावलेला इंजिनिअर आला. तिशीतली बाई, डोक्यावर हेल्मेट, बोलणं मोजकं. ती शिडीवर चढली, बीमवर हात फिरवला, मोबाइलच्या उजेडात दहा मिनिटं बघत राहिली. खाली आल्यावर तिनं सगळ्यांना कमानीपासून दूर केलं आणि लोक जायचे ते छोटं दारही बंद करायला लावलं.

"बीमला आरपार तडा गेलाय. टेकू लवकर काढलेत तुम्ही. आता बीम खांबांवर पूर्ण नाही, निम्मा या टाकीवर बसलाय."

"म्हणजे?" मशीनवाल्यानं विचारलं.

"म्हणजे सध्या तुमचं मशीन कमान धरून उभं आहे. ते हललं तर बीम खाली येईल. लोखंडी टेकू लावल्याशिवाय इंजिनही सुरू करायचं नाही. थरथर सुद्धा नको."

"टेकू कधी येतील?"

"उद्या. बहुतेक दुपारपर्यंत."

"बहुतेक," मेहुणा म्हणाला. "बघा दाजी, कमान तुमच्या डोक्यावर, आणि तुम्ही कमानीच्या."

सेक्रेटरींनी हात पुढं केला. "काका, किल्ली माझ्याकडं जमा करा. रागाचा भाग नाही. सुरक्षेचा आहे."

मशीनवाल्यानं किल्ली काढली. ती त्यानं सेक्रेटरींच्या हातावर ठेवली नाही. दोन पावलं चालून बायकोला दिली.

"हिच्याकडं असू द्या," तो म्हणाला. "हिची सही तुम्हाला चालते."

तिनं किल्ली घेतली. बांबू अजून तिच्या दुसऱ्या हातात होता.

*

गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंत टेकू आले नव्हते. कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर रात्रीतून तीनशे चाळीस संदेश झाले होते. सी इमारतीतल्या लोकांनी शाळेच्या भिंतीला दोन शिड्या लावल्या होत्या. एका शिडीनं ते चढत, दुसरीनं पलीकडं उतरत, आणि ऑफिसच्या पिशव्या वरून एकमेकांकडं देत. शाळेनं त्याबद्दल लेखी तक्रार केली. मशीनवाल्याच्या बायकोनं पायरीवरून हे सगळं पाहिलं. "आता कळलं का कसं वाटतं ते," असं ती म्हणाली, पण ते भावाशिवाय कुणी ऐकलं नाही, आणि भावानं ते विनोद म्हणून घेतलं नाही.

साडेनऊला शेतकऱ्याचा फोन आला. मशीनवाल्यानं त्याला सगळं खरं सांगितलं.

"कमान," शेतकरी म्हणाला. "बरं. मी काय करू सांगा. ढग आजच दिसायला लागलेत. दुसरं मशीन बांधावर उभं आहे, बारा फुटी. त्याला मी चहा पाजून बसवलाय. बारा वाजेपर्यंत बसवतो. तुमचं मशीन हललं एवढं जरी सांगितलंत तरी मी संध्याकाळपर्यंत थांबेन. तुमचा शब्द पुरे. बारानंतर मात्र नाही."

साडेदहाला इंजिनिअर परत आली. सेक्रेटरींनी तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं खूण केली होती आणि बाजूला वेळ लिहिली होती. टेकू घेऊन येणारा टेम्पो निघाला आहे, असं तिला फोनवर सांगण्यात आलं. कुठून निघाला ते सांगितलं नाही.

अकरा वाजता मशीनवाला कमानीभोवती बांधलेली दोरी ओलांडून गेला आणि मशीनवर चढून सीटवर बसला. इंजिनिअर ओरडली. तो म्हणाला, "मी काही करत नाही. बसलोय." केबिन नसल्यामुळं सीट उघड्यावर होती, कमानीच्या चार-पाच हात पुढं, डोक्यावर ऊन. त्याच्यासमोर रस्ता मोकळा होता. चाकांखाली गतिरोधक, मग डांबर, मग वळण. मागं दोनशे बारा घरं.

अकरा चाळीसला मेहुणा शाळेच्या भिंतीवरून बाहेर आला आणि ट्रॅक्टरवाल्याशेजारी उभा राहिला. ट्रॅक्टर सकाळपासून वळणावर थांबलेला होता. साखळी मेहुण्याच्या खांद्यावर होती.

"दाजी, मी तयार आहे. माणसं सगळी लांब आहेत. पडला बीम तर रिकाम्या रस्त्यावर पडेल."

"आणि मशीनवर," इंजिनिअर म्हणाली. "आणि यांच्यावर."

"मी पुढं बसलोय," मशीनवाला म्हणाला. "माझ्यावर येत नाही."

"ते तुम्हाला कसं माहीत?" सेक्रेटरींनी विचारलं. "मोजलंय का?"

ट्रॅक्टरनं मशीन पुढं ओढलं तर ब्रेक, गिअर, स्टिअरिंग, सगळं हातात हवं होतं, आणि त्यासाठी इंजिन सुरू हवं होतं. इंजिनला किल्ली हवी होती.

बायको कधी भिंत चढून बाहेर आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती समोरून, मोकळ्या रस्त्यावरून चालत आली. वॉचमन पुढं झाला, पण त्यानं तिला अडवलं नाही. गतिरोधकावर पाय देऊन ती मशीनच्या लोखंडी शिडीवर चढली. शिडीला पाच पायऱ्या आहेत. चौथीवर ती थांबली. तिथून तिचा चेहरा नवऱ्याच्या गुडघ्याशी येत होता.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"बारा मिनिटं राहिली."

"हललं नाही तर?"

"तर घरीच," तो म्हणाला. "तुला हवं होतं तसं."

"असं नको होतं मला," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी दुर्बिणीसारखा हात डोळ्यांवर धरून तड्याकडं पाहिलं. साडेदहाच्या खुणेच्या पुढं तडा करंगळीच्या नखाएवढा सरकला होता. त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं, वेळेसकट. टेम्पोवाल्याचा फोन लागत नव्हता. मशीनवाल्याच्या खिशातला फोन वाजायला लागला; त्यानं तो काढला नाही.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी ती चौथ्याच पायरीवर होती आणि किल्ली तिच्या मुठीत होती.